कमरेतली धातूची गादी

बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात कंबर धरली की रोजगार थांबतो. पावसाळ्यात चिखलात वाकून भाताची आवणी करणाऱ्या बाया, चिंचणीच्या घरांतून तासन्‌तास पाठ वाकवून दागिन्यांचे ठसे कोरणारे डायमेकर, औद्योगिक वसाहतीत रसायनांची पिंपे कलती करून ढकलणारे कंत्राटी कामगार, चिल्हार फाट्याच्या रस्त्याने महामार्गाला लागणारे ट्रकचालक, या सर्वांच्या बोलण्यात पाठीचे दुखणे कधी ना कधी येतेच. आधी उसण भरते. मग शेक, मालिश, पट्टा होतो, पुढे एक्स-रे आणि एमआरआय. शेवटी डॉक्टरांच्या टेबलासमोर दोन वाक्यांपैकी एक ऐकू येते: ‘मणक्यात गॅप आलीय’ किंवा ‘गादी सरकलीय’. ज्यांच्याकडे विमा आहे किंवा ज्यांचा मुलगा मोबाइलवर शोधाशोध करतो, त्यांच्या कानावर अलीकडे तिसरेही वाक्य पडते: खराब गादी काढून तिथे कृत्रिम गादी बसवता येते, मणके स्क्रूने जखडून टाकावे लागत नाहीत. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यातला न बोललेला भाग समजून घ्यायचा तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल. या गादीचा इतिहास हा बऱ्याच अंशी तिच्या गुंतागुंतींचा इतिहास आहे. प्रत्येक नवी रचना आधीच्या रचनेच्या अपयशातून जन्मली, आणि प्रत्येक अपयश उघडकीला यायला वर्षे लागली.

दुखणे अर्थातच फार जुने आहे. चरकसंहितेतल्या वातव्याधींमध्ये गृध्रसीचे वर्णन येते. कुल्ल्यापासून निघून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी करीत पावलापर्यंत उतरणारी ही वेदना आजच्या सायटिकाच्या रुग्णाने जशीच्या तशी ओळखावी. सुश्रुताने तिच्यावर गुडघ्याजवळची शीर सोडायला सांगितली आहे, तर चरकाने शीर सोडण्याबरोबर अग्निकर्मही सांगितले आहे. डाग देण्याची रीत आपल्या खेड्यांतून विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य रुग्णाला फळीवर निजवून दोन्ही बाजूंनी ताणत असत. आज फिजिओथेरपीच्या खोलीत कमरेला वजन लावतात, त्याचे मूळ इतके मागे जाते. पण या साऱ्या काळात वेदना कुठून निघते हे कुणालाच दिसत नव्हते. १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने कुल्ल्याच्या सांध्याचे दुखणे आणि मज्जातंतूचे दुखणे वेगळे करून दाखवले, तेव्हा कुठे पहिली वाट फुटली.

गादी मात्र त्याआधीच कागदावर उतरली होती. १५४३ साली वेसालियसने आपल्या शरीररचनेच्या महाग्रंथात दोन मणक्यांमधल्या चकत्या काढून दाखवल्या. पालघरच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला ही रचना समजायला सोपी आहे: ताडगोळ्याच्या सालीत जसा मऊ, पाणीदार गर असतो, तसा चिवट तंतूंच्या वेढ्यात या चकतीचा गाभा असतो. माणसाच्या कण्यात अशा तेवीस चकत्या आहेत आणि कण्याच्या लांबीचा साधारण चौथा हिस्सा त्यांनीच व्यापलेला आहे. वयाबरोबर गाभ्यातले पाणी आटते, वेढ्याला चिरा पडतात. १८५७ साली रुडॉल्फ फिर्खोने फुटलेल्या चकतीचे वर्णन केले, आणि दुसऱ्याच वर्षी हुबर्ट फॉन लुश्का यानेही बाहेर आलेला गाभा नोंदवला. फिर्खो तेव्हा बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात काम करीत होता. हे नाव आपण लक्षात ठेवू, कारण सव्वाशे वर्षांनी आपला मागोवा त्याच आवारात परतणार आहे. पुढे १९२० च्या दशकात ड्रेस्डेनच्या शवविच्छेदनगृहात क्रिस्टियान गेओर्ग श्मोर्लने हजारो कणे उभे चिरून तपासले. मृतांच्या कण्यातली झीज त्याने इतक्या बारकाईने मांडली की त्याचे नाव मणक्यातल्या एका खुणेला कायमचे चिकटले. तरीही जिवंत माणसाच्या दुखण्याशी या झिजेचा संबंध कुणी पक्का जोडला नव्हता.

तो जोडला गेला बोस्टनमध्ये. १९३४ साली विल्यम जेसन मिक्स्टर हा मेंदूचा शल्यविशारद आणि जोसेफ सीटन बार हा अस्थितज्ज्ञ यांनी एक निबंध छापला. आजवर ज्यांना कण्यातल्या गाठी समजून काढले जात होते, त्यांतल्या अनेक गाठी म्हणजे फुटलेल्या चकतीचे तुकडे आहेत, आणि तेच मज्जातंतूला दाबतात, असे त्यांनी दाखवले. या एका निबंधाने पाठदुखीचा गुन्हेगार ठरवून टाकला. पायात उतरणाऱ्या कळेपुरता तो निवाडा बरोबर होता. पण पाहता पाहता कमरेच्या साध्या, पायात न उतरणाऱ्या दुखण्याचा आरोपही चकतीवर आला आणि पुढच्या पन्नास वर्षांत तिच्यावर सुऱ्या चालतच राहिल्या. माझ्या मते कृत्रिम गादीची पहिली गुंतागुंत इथेच सुरू होते, धातूचा तुकडा घडवला जाण्याच्या कितीतरी आधी.

तोपर्यंत दुखऱ्या कण्यावरचा मोठा इलाज होता मणके एकमेकांना जोडून टाकण्याचा. त्याचा जन्म पाठदुखीसाठी झालाच नव्हता. १७७९ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉटने कुबड काढणाऱ्या ज्या आजाराचे वर्णन केले, त्या कण्याच्या क्षयासाठी १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड अल्बी यांनी स्वतंत्रपणे मणके जोडण्याच्या पद्धती काढल्या. क्षयाने खचणारा कणा ताठ राहावा, एवढाच हेतू. पुढे तीच शस्त्रक्रिया झिजलेल्या चकतीसाठी वापरली जाऊ लागली. १९६० च्या दशकात पॅरिसच्या रेमाँ रॉय-कामी यांनी मणक्याच्या खांबांतून स्क्रू घालायला सुरुवात केली आणि ‘प्लेट टाकली, स्क्रू बसवले’ हे शब्द हळूहळू जगभरच्या रुग्णांच्या तोंडी आले. पण जोडलेला भाग हलत नाही, म्हणून वरच्या आणि खालच्या सांध्यावर जास्त ताण पडतो, आणि काही वर्षांनी शेजारची गादी दुखू लागते, असे शल्यविशारदांना दिसू लागले. मग प्रश्न पडला: हालचाल कायम ठेवून दुखणे काढता येईल का?

या प्रश्नाचे पहिले धाडसी उत्तर स्वीडनच्या उल्फ फर्नस्ट्रॉमने दिले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याने चकती काढलेल्या जागेत गुळगुळीत पोलादी गोळा ठेवायला सुरुवात केली. गोळ्यावर मणका सर्व दिशांना फिरेल, हा साधा, सरळ विचार. सुमारे सव्वाशे रुग्णांच्या कण्यात त्याने हे गोळे बसवले आणि १९६६ साली त्याबद्दल लिहिले. सुरुवातीला रुग्ण खूश होते. पण गोळ्याचा स्पर्श हाडाला एका ठिपक्याएवढा, आणि त्या ठिपक्यावर अख्ख्या धडाचा भार. चार ते सात वर्षांच्या पाहणीत ८८ टक्के गोळे मणक्यात रुतलेले आढळले. गादीची उंची गेली, हालचाल गेली, आणि गोळा हाडात बसून राहिला. त्याच काळात त्याचाच देशबंधू आल्फ नाकेमसन जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजत होता. उभ्या माणसाच्या चकतीतला दाब १०० धरला तर निजल्यावर तो २५ होतो, बसल्यावर १४०, पुढे वाकून बसल्यावर १८५, आणि तसेच वाकून वजन धरले तर २७५. चिंचणीच्या डायमेकरची बैठक आणि आवणीतले वाकणे यांची किंमत या आकड्यांत दिसते. रुतणाऱ्या गोळ्याचे कारणही त्यातच होते. हाड हा काही निर्जीव ओटा नव्हे. ते दबते, झिजते, नव्याने वाढते, आणि त्याच्यावर काय ठेवले आहे याला वर्षानुवर्षे उत्तर देत राहते.

फर्नस्ट्रॉमचे गोळे मागे पडले, पण कल्पना मेली नाही, कारण दरम्यान इंग्लंडमध्ये कुल्ल्याच्या सांध्याने इतिहास घडवला होता. रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ पासून धातूचा गोल आणि दाट पॉलिएथिलीनची वाटी अशी जोडी वापरायला घेतली आणि ती वर्षानुवर्षे टिकली. लंगडत आलेली माणसे चालत घरी गेली. मग गुडघ्यानेही तीच वाट धरली. कुल्ला बदलतो, गुडघा बदलतो, तर मणक्यातला सांधा का बदलू नये, हा विचार स्वाभाविक होता. पण कुल्ल्यात एकच सांधा असतो आणि शस्त्रक्रियेत त्याच्या दोन्ही बाजू बदलल्या जातात. कण्याच्या प्रत्येक पायरीवर तीन सांधे एकत्र काम करतात: पुढे चकती आणि मागे दोन छोटे सांधे, डावा आणि उजवा. कृत्रिम गादी पुढचा एकच बदलते. मागचे दोन जसेच्या तसे राहतात आणि आता त्यांना एका नव्या, वेगळ्या चालीच्या शेजाऱ्याबरोबर दिवसाला हजारो वेळा वाकावे लागते. चार्नलींच्या यशाने दिपलेल्या पिढीने या फरकाकडे पुरेसे पाहिले नाही, आणि पुढच्या तक्रारींचा मोठा भाग या दोन दुर्लक्षित सांध्यांतून आला.

आता आपण विभागलेल्या बर्लिनच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, शारिटे रुग्णालयात येतो. १९८२ साली तिथे कुर्ट शेलनाक आणि कारिन ब्यूटनर-यांट्स या दोन डॉक्टरांनी नव्या गादीचा आराखडा आखला. ब्यूटनर-यांट्स या साध्या डॉक्टर नव्हत्या. कारिन यांट्स या नावाने त्यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके जिंकली होती. ज्या खेळात कण्याला त्याच्या मर्यादेपर्यंत वाकवतात, त्या खेळातली विजेती पुढे कण्याचा सांधा घडवायला बसली, ही या इतिहासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. त्यांची रचना तीन तुकड्यांची होती: वरच्या आणि खालच्या मणक्याला धरणाऱ्या दातेरी धातूच्या दोन पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये सुटी सरकणारी पॉलिएथिलीनची चकती. शोधकांच्या आद्याक्षरांवरून आणि रुग्णालयावरून तिला ‘एसबी शारिटे’ हे नाव मिळाले. १९८४ साली विभागप्रमुख हार्टमूट त्सिपेल यांनी ती पहिल्यांदा माणसाच्या कण्यात बसवली.

पहिल्या रचनेच्या पट्ट्या लहान होत्या. फर्नस्ट्रॉमचा जुना शत्रू परत आला आणि पट्ट्या हाडात रुतू लागल्या. १९८५ मध्ये दुसरी रचना आली. आधार वाढावा म्हणून पट्ट्यांना बाजूने पंख जोडले, पण पातळ धातू वारंवारच्या ताणाने थकून तुटू लागला. पूर्व जर्मनीत धातूकामाची सोय अपुरी होती, तेव्हा तिसऱ्या रचनेसाठी सीमेपलीकडच्या हॅम्बुर्गमधली वाल्डेमार लिंक ही कंपनी पुढे आली. १९८७ मध्ये कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूच्या रुंद पट्ट्यांची एसबी शारिटे-३ तयार झाली. भिंत पडण्याआधी दोन वर्षे ही वस्तू भिंत ओलांडून गेली होती. हीच रचना पुढे जगभर पसरली. पाच वर्षांत तीन रचना, आणि प्रत्येक फेरफारामागे काही जिवंत माणसांच्या कमरेतले अपयश. यात कुणाच्या हेतूला बोल लावण्याचे कारण नाही. त्या काळी नवे उपकरण घडवण्याची रीतच तशी होती.

दुसरी वाट फ्रान्समध्ये, माँपेलिए शहरात निघाली. तिएरी मार्ने यांनी ‘प्रोडिस्क’ नावाची गादी घडवली. तिच्यात पॉलिएथिलीनचा घुमट खालच्या पट्टीतच पक्का बसवलेला होता, आणि हाडात खाच करून रोवायला उभी धार होती. १९९० ते १९९३ या काळात ६४ रुग्णांच्या कमरेत ती बसवली. आणि मग मार्ने थांबले. आणखी गाद्या बसवण्याआधी बसवलेल्यांचे काय होते ते त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले, आणि १९९९ च्या सुमारास एकेका रुग्णाला शोधून तपासले. त्यांच्या गटाने पुढे ५५ रुग्णांची सरासरी ८.७ वर्षांची हकिकत छापली. त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांची प्रकृती चांगली होती, उरलेल्यांची नव्हती. हे आकडे कुणाला थोडे वाटोत की फार, पण शोधकाने स्वतः हात आवरून वाट पाहिली, हे वळण या इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडते.

त्यानंतर बाजाराचा वेग आला. पॉलिएथिलीनच्या गादीशेजारी नुसता गाभा बदलणाऱ्या उशाही आल्या. १९९६ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स रे यांनी पाणी शोषून फुगणारी जेलची उशी बसवली, पण अशा उशा जागेवरून निसटून बाहेर येऊ लागल्या. शारिटे-३ ची अमेरिकेत चाचणी झाली: ३०४ रुग्ण, २०५ जणांना गादी, ९९ जणांना जाळीदार पिंजरा घालून मणके जोडण्याची शस्त्रक्रिया, आणि निकाल दोन वर्षांनी. २६ ऑक्टोबर २००४ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. तोवर ही गादी जॉन्सन अँड जॉन्सन समूहाच्या डेप्यू स्पाइन कंपनीकडे आली होती. ऑगस्ट २००६ मध्ये प्रोडिस्कलाही मान्यता मिळाली. त्याआधी कित्येक अमेरिकी रुग्ण या गादीसाठी जर्मनीला जात असत. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून एकच सूर होता: जोडण्याचे दिवस संपले.

पण परवानगीच्या आदल्या वर्षी, २००३ मध्ये, नेदरलंड्सच्या आंद्रे फान ओय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा, अप्रिय निबंध छापला होता. शारिटे गादी बसवलेले आणि त्रास घेऊन आलेले २७ रुग्ण, एवढाच त्याचा आवाका. या २७ जणांत पुढच्या काळात दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या गुंतागुंती होत्या. कुणाची पट्टी हाडात रुतली होती. कुणाची गादी पुढे सरकली होती. कुणाच्या मागच्या छोट्या सांध्यांना संधिवात झाला होता. कुणाची शेजारची चकती झिजली होती. ज्या शेजाऱ्याला वाचवण्यासाठी हे सारे केले, तोच कोसळत होता. अनेकांना सुरुवातीला बरे वाटले होते आणि दुखणे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परतले होते. निबंधात तुलना नव्हती, एकूण किती जणांपैकी हे २७, हेही त्यातून ठरत नव्हते. म्हणून समर्थकांनी तो बाजूला सारला. पण चाचणीच्या दोन वर्षांच्या चौकटीत जे मावत नव्हते ते या निबंधात होते, आणि ते पुढे वाढत गेले. पॉलिएथिलीन झिजून निघणाऱ्या सूक्ष्म कणांना शरीर परके मानते, त्यांच्याशी झुंजणाऱ्या पेशी शेजारचे हाडही खातात, आणि पट्टी ढिली होते. कुल्ल्यात हे माहीत होते. मणक्यात ते कमी दिसते, पण दिसते. पॉलिएथिलीन टाळावे म्हणून धातूवर धातू घासणाऱ्या गाद्या आल्या, तेव्हा धातूचे आयन रक्तात आणि आसपासच्या ऊतींत आढळू लागले. ब्रिटनमध्ये लवचीक पॉलिमरची ‘केडिस्क-एल’ नावाची गादी आली आणि २०१४ मध्ये बाजारातून परत घेतली गेली.

गुंतागुंतींचा दुसरा घोळका गादीतून नव्हे, तर तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्यातून येतो. स्क्रू पाठीतून घालता येतात. कमरेची गादी बसवायला मात्र पोटातून जावे लागते, कारण मागून मज्जातंतूंची नळी आड येते. पोटाच्या स्नायूंमागून, आतड्यांचे आवरण बाजूला सारत शल्यविशारद कण्यासमोर पोचतो, आणि तिथे शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिन्या असतात. महाधमनी चौथ्या कंबर-मणक्याच्या आसपास दोन पायांकडे दुभागते, शेजारी मोठ्या शिरा असतात, आणि शिरेची भिंत धमनीपेक्षा पातळ. म्हणून अनेक ठिकाणी रक्तवाहिन्यांचा तज्ज्ञ सोबत असतो. पाचव्या मणक्यासमोर मज्जातंतूंचे एक नाजूक जाळे आहे. त्याला इजा झाली तर पुरुषाचे वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जाते आणि मूल होण्याचा प्रश्न उभा राहतो. तिशी-चाळिशीच्या माणसांवर होणाऱ्या या शस्त्रक्रियेत ही गोष्ट आधीच, स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. आणि खरी कसोटी पहिल्या वेळेची नसते. गादी बिघडली आणि ती काढायला पुन्हा पोटातून जावे लागले, तर या रक्तवाहिन्या व्रणाने कण्याला चिकटलेल्या असतात. नॉर्वेतल्या एका काटेकोर चाचणीत सरकलेली गादी दुरुस्त करताना एका रुग्णाची धमनी दुखावली आणि अखेर गुडघ्याखालचा पाय कापावा लागला.

ती नॉर्वेची चाचणी दुसऱ्या कारणासाठीही महत्त्वाची आहे. १७३ रुग्ण, अर्ध्यांना गादी, अर्ध्यांना व्यायाम, फिजिओथेरपी आणि मनाला भीतीतून बाहेर काढणारे नियोजनबद्ध पुनर्वसन. २०११ मध्ये निकाल छापला गेला. दोन वर्षांनी गादीवाल्यांची प्रकृती जास्त सुधारली होती, पण दोन गटांतला फरक ८.४ गुणांचा होता, आणि संशोधकांनी आधीच ठरवले होते की रुग्णाला जाणवेल असा फरक किमान १० गुणांचा हवा. म्हणजे ज्याला शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नाही असे वाटत होते, त्यालाही व्यायामाने बरेच काही मिळत होते. याचे मूळ १९९४ च्या एका अमेरिकी पाहणीत सापडते. पाठदुखीची तक्रार नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या चकत्या निर्दोष निघाल्या. उरलेल्यांपैकी कितीतरी जण बाहेर डोकावणाऱ्या, झिजलेल्या गाद्या घेऊन सुखाने फिरत होते. एमआरआयच्या चित्रात काळी पडलेली गादी दिसली म्हणजे दुखणे तिचेच, हे मिक्स्टर आणि बारच्या काळापासून गृहीत धरलेले सत्य इथे हलले. चुकीची गादी बदलली, तर ती कितीही उत्तम बसवली तरी दुखणे जाणार नाही, आणि त्या रुग्णाची नोंद कुठल्याही यंत्रदोषाच्या यादीत होणार नाही.

२००६ मध्ये बर्लिनहून सर्वांत लांब पल्ल्याची हकिकत आली. पुत्सियर आणि सहकाऱ्यांनी १९८४ ते १९८९ या काळात शारिटेत गादी बसवलेल्या रुग्णांना सरासरी १७ वर्षांनी शोधून तपासले. ७१ पैकी ५३ रुग्ण सापडले. ६० टक्के गाद्यांभोवती शरीराने आपणहून हाड वाढवून मणके जोडून टाकले होते. हालचालीसाठी बसवलेली वस्तू हाडाच्या आत गोठून गेली होती. हलत्या राहिलेल्या गाद्या फक्त १७ टक्के होत्या, आणि त्या रुग्णांत शेजारच्या सांध्याची झीज मात्र आढळली नाही. मूळ कल्पना चुकीची नव्हती हे त्या १७ टक्क्यांनी सिद्ध केले, आणि ती किती क्वचित टिकली हे उरलेल्यांनी. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने २००७ पासून साठीपुढच्या रुग्णांसाठी कमरेच्या गादीचा खर्च देणे बंद केले. पुढच्या दशकाच्या सुरुवातीस खुद्द शारिटे बाजारातून गेली. प्रोडिस्क आणि तिच्या नंतरच्या काही रचना राहिल्या, त्यांचे रुग्ण आता कितीतरी काळजीपूर्वक निवडले जातात: एखादीच गादी खराब, मागचे सांधे शाबूत, हाड मजबूत, मणका सरकलेला नाही, वय फार नाही.

महाराष्ट्रात सांधा बदलण्याची भाषा घराघरांत पोचली ती गुडघ्यामुळे. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा बदलला, आणि वर्तमानपत्रांतून त्या शस्त्रक्रियेची आकृती आजोबा-आजींनी वाचली. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीयांच्या बांध्याला आणि खिशाला बेतलेला ‘इंडस’ गुडघा विकसित केला. त्या मानाने कमरेची गादी आपल्याकडे मोजक्याच हातांत राहिली. पण बसवलेल्या वस्तूचे पुढे काय होते, हा धडा महाराष्ट्राला दुसऱ्या सांध्याने शिकवला. डेप्यू कंपनीचाच धातूवर धातूचा ‘एएसआर’ कुल्ला ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० रुग्णांना बसवलेला होता. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदवली. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. तोवर यांतल्या कितीतरी रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. पत्ते बदललेले, फायली हरवलेल्या, आणि आपल्या शरीरात कोणत्या कंपनीचा कोणता तुकडा आहे हे रुग्णालाच माहीत नसलेले. ६ जुलै २०१५ रोजी उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २०१७ मध्ये वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम आले, आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. बर्लिनने सतरा वर्षांनी ७१ पैकी ५३ माणसे शोधून काढली, हे या पार्श्वभूमीवर वाचले की त्या आकड्याचे मोल कळते.

म्हणून बोईसरच्या रुग्णाने हा इतिहास आपलाच समजावा. तारापूरच्या अणुवीज केंद्राने १९६९ मध्ये वीज द्यायला सुरुवात केली, मागोमाग औद्योगिक वसाहत फोफावली, आणि देशभरातून आलेल्या माणसांच्या कमरेवर हा पट्टा उभा राहिला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ३४ वे कलम होते: इजा होईल इतके वजन कामगाराला उचलायला लावू नये. कृत्रिम गादीपेक्षा कितीतरी जुना आणि स्वस्त असा हा इलाज कंत्राटी कामगाराच्या वाट्याला पुरता कधी आला नाही, याची मला मनापासून खंत वाटते. १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल डहाणूपर्यंत आली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, पण कण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी वाट अजून बहुधा मुंबईकडेच जाते. तिथे गेलेल्या माणसाने कोणत्या गोष्टी विचारायच्या, त्या या चारशे-पाचशे वर्षांतूनच आल्या आहेत. माझे दुखणे याच गादीचे आहे हे चित्राशिवाय आणखी कशाने ठरवले? मागचे दोन सांधे तपासले का? हाडाची घनता मोजली का? सहा महिने नीट, देखरेखीखाली व्यायाम झाला का? ही गादी बिघडली तर पोटातून पुन्हा जाणारा हात कुणाचा असेल? आणि मूल हवे असलेल्या तरुणाने लाजेने मागे ठेवलेला प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

शस्त्रक्रिया झालीच, तर प्रत्येक उपकरणाच्या वेष्टनात उत्पादकाचे नाव, नमुना आणि बॅच क्रमांक असलेले छोटे स्टिकर येतात. एक रुग्णालयाच्या कागदावर चिकटवले जाते. दुसरे मागून घ्यावे आणि रेशनकार्डाजवळ, आधारच्या प्रतीजवळ, घरातल्या दोन माणसांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावे, त्याचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवावा. कंत्राट बदलते, खोली बदलते, गावी परतणे होते. आज कमरेत बसलेल्या गादीच्या सतराव्या वर्षाची तपासणी २०४० च्या दशकात येईल, आणि त्या दिवशी समोरच्या डॉक्टरला पहिली गरज त्या स्टिकरवरच्या क्रमांकाची पडेल.